तेजीच्या बाजारात पहिला शेअर घेताना: खातं उघडण्यापासून विक्रीपर्यंत

मी डीमॅट खातं उघडलं ते जून २०२१ मध्ये. त्याच्या सव्वा वर्ष आधी, २३ मार्च २०२० रोजी, सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंशांनी कोसळून २६,००० च्या खाली बंद झाला होता. मी आले तोवर तो दुप्पट झाला होता आणि ऑफिसात डबा खाताना शेअरशिवाय दुसरा विषय निघत नव्हता. पहिल्या तीन महिन्यांत मी जे घेतलं ते वर गेलं. मला वाटलं, जमतंय आपल्याला. सगळा बाजारच वर चालला होता आणि माझ्या निवडीचा त्यात फारसा वाटा नव्हता, हे कळायला पुढचं अख्खं वर्ष जावं लागलं.

तेजीत नवीन येणाऱ्याचं नुकसान इथूनच सुरू होतं. मंदीत चूक केली की आठवड्याभरात तिचे चटके बसतात. तेजीत चुकीच्या कारणाने घेतलेला शेअरसुद्धा नफा दाखवतो, मग तीच चूक आपण तिप्पट रकमेने करतो. खाली लिहिलेल्या पायऱ्या मी याच क्रमाने गेले असते तर बरेच पैसे आणि बरीच झोप वाचली असती. तुम्ही तरी क्रमाने जा.

१. कोणते पैसे बाजारात आणायचे नाहीत, ते आधी ठरवा

तेजीत लोक पहिली मोडतात ती एफडी. बँक वर्षाला देते तेवढं इथे महिन्यात मिळतं, हा हिशेब त्या वेळी बिनतोड वाटतो. तरीही सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा एफडीत राहू द्या. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर ते आधी फेडा, कारण त्यावरच्या व्याजाहून जास्त परतावा दरवर्षी मिळवून देईल असा शेअर कोणीच सांगू शकत नाही.

पुढच्या पाच वर्षांत ज्याची तारीख ठरलेली आहे असा कोणताही पैसा शेअरमध्ये घालू नका. मुलांची फी, घराची पहिली रक्कम, लग्न. कारण आकड्यांतच पाहा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ८,००० च्या खाली जाऊन आला. पुन्हा २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. ज्याच्याकडे वेळ होता तो यातून सुखरूप बाहेर आला. ज्याला २००९ च्या जूनमध्ये मुलीची फी भरायची होती, त्याला मिळेल त्या भावाला विकावं लागलं असणार.

२. खातं उघडा, पण अर्ज वाचून

शेअरसाठी तीन खाती एकमेकांना जोडलेली लागतात: बँकेचं, ब्रोकरकडचं ट्रेडिंग खातं आणि शेअर जमा होतात ते डीमॅट खातं. डीमॅट खाती एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींकडे असतात. ब्रोकर हा मधला दुवा.

हे हाताशी ठेवा:

- पॅन, आधारशी जोडलेलं
- आधार, आणि त्याला जोडलेला तुमचा स्वतःचा चालू मोबाइल नंबर
- रद्द केलेला चेक किंवा पासबुकचं पहिलं पान
- पांढऱ्या कागदावरची सही आणि फोटो
- नॉमिनीचं नाव, जन्मतारीख आणि ओळखपत्राचा तपशील

ब्रोकर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेला आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तपासा. मग अर्ज भरताना तीन ठिकाणी थांबा.

पहिलं, मोबाइल आणि ईमेल. घरातली जाणती माणसं भाच्याला किंवा ओळखीच्या एजंटाला “तूच भर रे” म्हणतात आणि तो स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो. पुढे प्रत्येक ओटीपी, प्रत्येक व्यवहाराचा मेसेज त्याच्याकडे जातो. माणूस कितीही घरातला असो, नंबर तुमचाच हवा.

दुसरं, एफ अँड ओचा (फ्यूचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांचा) पर्याय. तो निवडला की उत्पन्नाचा पुरावा मागतात. तो निवडूच नका. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या १०० पैकी ९३ व्यक्तींना तोटा झाल्याचं दिसलं आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. हा सगळा काळ एकंदरीत तेजीचाच होता, हे विसरू नका.

तिसरं, खात्याचा प्रकार. डीमॅटमध्ये चार लाख रुपयांपर्यंतचेच शेअर असतील तर ‘बेसिक सर्व्हिसेस डीमॅट’ खात्याला वार्षिक शुल्क लागत नाही. एकच डीमॅट असेल तर हे विचारून घ्या, कारण आपण होऊन कोणी सांगेलच असं नाही.

शेअर विकताना डिपॉझिटरीला तुमची परवानगी लागते. ती दर वेळी टीपिन (विक्रीसाठीचा गुप्त क्रमांक) आणि ओटीपीने देता येते, किंवा डीडीपीआय नावाच्या कागदावर एकदाच सही करून ब्रोकरला देता येते. ही सही ऐच्छिक आहे. वर्षातून चार-पाच वेळा विकणाऱ्याला टीपिनचा त्रास काहीच नाही. मी अजून डीडीपीआय दिलेला नाही.

३. बाजार किती महाग आहे, ते बघायला शिका

यासाठी एकच आकडा आधी समजून घ्या: पीई. शेअरचा भाव भागिले कंपनीचा प्रतिशेअर वार्षिक नफा. एखादी कंपनी शेअरमागे २० रुपये कमावते आणि भाव ६०० आहे, म्हणजे पीई ३०. एका रुपयाच्या नफ्यासाठी लोक ३० रुपये मोजायला तयार आहेत.

आता पुढचं उदाहरण सावकाश वाचा, मला ते समजायला फार उशीर झाला. समजा पुढच्या वर्षी कंपनीने उत्तम काम केलं आणि नफा २० वरून २४ झाला, म्हणजे २० टक्क्यांनी वाढला. पण तोवर बाजाराचा उत्साह ओसरला आणि लोक ३० ऐवजी २० पटच मोजायला लागले. भाव झाला २४ गुणिले २०, म्हणजे ४८०. नफा २० टक्क्यांनी वर, शेअर २० टक्क्यांनी खाली. कंपनी चांगली होती, तिचं काम चांगलं होतं, तुमचा अभ्यासही बरोबर होता. घेतलेला भाव तेवढा चुकला.

तेजीत भाव दोन गोष्टींनी वाढतो: नफा वाढल्याने आणि पीई फुगल्याने. पहिली वाढ टिकते, दुसरी कधीही परत घेतली जाते. म्हणून कोणताही शेअर ‘दोन वर्षांत दुप्पट’ झालेला दिसला की विचारा, नफा किती वाढला? नफा ३० टक्के आणि भाव १०० टक्के वाढला असेल, तर उरलेलं सगळं लोकांच्या अपेक्षेवर उभं आहे.

निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, एकूण पीई एनएसई या शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर रोज मिळतो. त्यावरून बाजार उद्या पडेल की नाही हे कळत नाही, तसा प्रयत्नही करू नका. महाग बाजार आणखी महाग होऊन वर्षभर तसाच राहू शकतो. त्या आकड्याचा उपयोग एवढाच की आपण पुढच्या परताव्याची अपेक्षा किती ठेवायची ते कळतं. एक सावधगिरी: जुने तक्ते बघताना २०२१ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे थेट ताडू नका. तेव्हापासून एनएसई उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरून पीई काढते, त्यामुळे आकडा खाली आलेला दिसतो.

४. रक्कम हप्त्यांत पाडा, आणि सुरुवात इंडेक्स फंडाने करा

तीन लाख गुंतवायचे असतील तर दरमहा २५,००० असे बारा हप्ते करा. बाजार सलग चढत राहिला तर एकदम टाकणाऱ्याला तुमच्याहून जास्त मिळेल, हे मान्य करूनच हा मार्ग घ्या. त्या थोड्या कमी परताव्याच्या बदल्यात, शिखरावर सगळी रक्कम अडकण्याची भीती टळते. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सेन्सेक्स ८६,००० च्या अगदी जवळ जाऊन आला होता. ७ एप्रिल २०२५ च्या सकाळी तो ७२,००० च्या खाली दिसला. सप्टेंबरमध्ये पहिला हप्ता टाकलेल्याला हे सहा महिने स्वस्तात खरेदी करायची संधी होती. सप्टेंबरमध्ये सगळे टाकून बसलेल्याला तेच सहा महिने रोज ॲप उघडून बघण्यात गेले.

इथे दोन सापळे आहेत. एक, तिसऱ्या महिन्यात बाजार नवा उच्चांक करतो आणि उरलेले नऊ हप्ते एकदम टाकायची घाई होते. मी ही घाई केली आहे. दुसरा, ‘थोडं खाली आलं की घेऊ’ म्हणून थांबणं. खाली येतं तेव्हा बातम्या इतक्या वाईट असतात की हात धजावत नाही. दोन्हीवर उपाय एकच: तारीख ठरवा, बँकेतून रक्कम आपोआप जाऊ द्या.

पहिले सहा महिने हे सगळे हप्ते निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड), डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मधल्या एजंटाशिवाय, जाऊ द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. या काळात तुम्ही बाजारात असताच, चढ-उतार अंगावर घेता, आणि त्याच वेळी कंपन्या वाचायला शिकता. नंतरही एकूण रकमेचा निम्मा भाग तिथेच ठेवला तर काही बिघडत नाही. ज्याला दर तिमाहीला निकाल वाचायला वेळ नाही, त्याने तर तिथेच थांबावं.

५. कंपनी घ्यायच्या आधी दोन तास वाचा आणि अर्धं पान लिहा

कंपनीचा वार्षिक अहवाल बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतो. तीनशे पानं बघून घाबरू नका. सुरुवातीला तीन गोष्टी शोधा.

नफा आणि रोकड. गेल्या पाच वर्षांचा निव्वळ नफा एका ओळीत लिहा, खाली व्यवसायातून आलेली रोकड, म्हणजे ऑपरेटिंग कॅश फ्लो. पाच वर्षांची बेरीज करा. नफा १०० कोटी आणि रोकड २० कोटी असेल, तर माल विकला गेला पण पैसे हातात आलेले नाहीत. ते कुठे अडकलेत, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. बँका आणि वित्तसंस्थांना ही कसोटी लावू नका, त्यांचा धंदाच पैसे देण्याचा असल्याने हा आकडा तिथे वेगळ्या अर्थाने येतो.

कर्ज. ते नफ्याच्या किती पट आहे आणि दरवर्षी वाढतंय की उतरतंय.

प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांचा, वाटा. हा दर तिमाहीला जाहीर होतो. तो सतत घटत असेल, किंवा त्यातला मोठा भाग गहाण असेल, तर दूर राहा. गहाण शेअरचा भाव पडला की सावकार ते बाजारात विकतो, त्याने भाव आणखी पडतो.

मग वही. मी साधी दोनशे पानी वही वापरते, एका कंपनीला एक पान. वर तारीख, भाव, पीई. त्याखाली तीन वाक्यं: का घेतेय, काय झालं तर विकेन, जास्तीत जास्त किती रक्कम. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

“भाव ४१२, पीई २४. पंप बनवतात. पाच वर्षांत कर्ज फेडून शून्य केलं, रोकड नफ्याएवढी येते, नवा कारखाना स्वतःच्या पैशांतून. कारखाना सुरू झाल्यावर चार तिमाहीत विक्री वाढली नाही किंवा पुन्हा मोठं कर्ज काढलं तर बाहेर. एकूण रकमेच्या ८ टक्क्यांहून जास्त नाही.”

त्याच वहीत आधीच्या वर्षीचं एक पान आहे, त्यावर कारणाच्या जागी फक्त “खूप चालतोय” असं लिहिलंय. तो शेअर पडायला लागला तेव्हा ठेवावा की विकावा, हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. “खूप चालतोय” हे कारण भाव थांबला त्याच दिवशी संपलं होतं.

तीन वाक्यं लिहिता येत नसतील तर तो शेअर घ्यायचा नाही. माझ्या सगळ्या नियमांत हा एक नियम मी कधीच मोडत नाही. आठ ते बारा कंपन्या पुरे, त्याहून जास्त पानं नोकरी सांभाळून वाचली जात नाहीत.

६. छोट्या कंपन्या आणि सर्किट: बाहेर पडायचं दार आधी बघा

डिसेंबर २०२१ मध्ये एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी एका छोट्या रसायन कंपनीचे ४०० शेअर ८४ रुपयांनी घेतले. रोज पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट लागत होतं, म्हणजे एका दिवसात वर जायची मर्यादा गाठून भाव तिथेच थांबत होता. बघता बघता ११८ झाला. विकावा असं मनात येईपर्यंत एके दिवशी लोअर सर्किट, म्हणजे खाली जायची मर्यादा, लागलं.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगते, स्क्रीनवर ते कसं दिसतं. डावीकडे खरेदीदारांच्या ओळी असतात, उजवीकडे विकणाऱ्यांच्या. डावीकडची बाजू पूर्ण कोरी. पाचही ओळींत शून्य. उजवीकडे एकाच भावाला लाखभर शेअर विकायला लागलेले. नऊ वाजून पंधरा मिनिटांनी बाजार उघडतो, त्याच क्षणी भाव पाच टक्के खाली जाऊन तिथेच गोठतो, आणि साडेतीनला बंद होईपर्यंत हलत नाही. मी रोज सकाळी विक्रीची ऑर्डर टाकत होते, रोज संध्याकाळी ती रद्द होऊन येत होती. एकाच भावाला आधी लागलेल्याचा नंबर आधी, आणि माझ्या पुढे हजारो लोक. दहाव्या दिवशी ७१ रुपयांना सुटले.

पाच टक्के हा आकडा लहान वाटतो. पाच टक्क्यांची सात लोअर सर्किटं सलग लागली की ३० टक्के रक्कम गेलेली असते. स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला आला की आपोआप विकायची ऑर्डर, लावलेला असला तरी समोर घेणारा नसेल तर ती पूर्ण होत नाही.

म्हणून मोठ्या शंभर-दोनशे कंपन्यांच्या बाहेरचा शेअर घेताना रोज सरासरी किती शेअर डिलिव्हरीत, म्हणजे घेणाऱ्याच्या डीमॅटमध्ये, जातात ते बघा, आणि तो शेअर एक्स्चेंजच्या एएसएम किंवा जीएसएम या देखरेख याद्यांत आहे का ते तपासा. आणखी एक लक्षात ठेवा. कित्येक दिवस अप्पर सर्किटमुळे मिळत नसलेला शेअर एका सकाळी हवा तेवढा मिळायला लागला, तर इतका माल कोण विकतंय, हा प्रश्न आधी विचारा.

७. ऑर्डर टाकताना

डिलिव्हरी निवडली आहे ना, ते दर वेळी बघा. काही ॲपवर इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायचा पर्याय, शेजारीच असतो. सेबीच्याच पाहणीत २०२२-२३ मध्ये शेअरचं इंट्राडे करणाऱ्या दर दहांपैकी सात व्यक्तींना तोटा झाला होता.

मिळेल त्या भावाला घेणारी मार्केट ऑर्डर न टाकता लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावाहून महाग खरेदी होत नाही. बाजार उघडल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. आज घेतलेले शेअर पुढच्या कामाच्या दिवशी डीमॅटमध्ये जमा होतात. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची पावती, ईमेलवर येते, ती उघडून भाव, संख्या आणि शुल्क ताडून बघा.

आणि ‘आत्ता घ्या, नंतर पैसे द्या’ अशा अर्थाचं जे बटण दिसतं, त्याचं नाव एमटीएफ. ते उधारीवरचं घेणं आहे, व्याज रोज चढतं. समजा स्वतःचे २५,००० घालून एक लाखाचे शेअर घेतले. शेअर १५ टक्के पडला की १५,००० गेले, म्हणजे तुमच्या पैशांतले ६० टक्के. ब्रोकर आणखी पैसे मागतो, दिले नाहीत तर शेअर विकून टाकतो. तेजीत हे बटण सगळ्यात गोड वाटतं. त्याला हात लावू नका.

८. आयपीओ: पैसा कुठे जातोय ते वाचा

तेजीत आयपीओंची, म्हणजे कंपन्यांनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकायला काढण्याची, रांग लागते, कारण विकणाऱ्याला चांगला भाव मिळण्याची हीच वेळ असते. अर्ज करणं सोपं आहे: अस्बा पद्धतीत किंवा यूपीआयने रक्कम तुमच्याच बँक खात्यात अडवून ठेवली जाते, शेअर मिळाले तरच वळती होते. छोट्या गुंतवणूकदाराच्या वर्गात दोन लाख रुपयांपर्यंत अर्ज करता येतो, आणि मागणी फार असेल तर सोडतीने एकेक लॉट, म्हणजे शेअरचा ठरलेला किमान गठ्ठा, मिळतो.

प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे आयपीओच्या माहितीपत्रकात, ‘फ्रेश इश्यू’ आणि ‘ऑफर फॉर सेल’ हे दोन आकडे शोधा. पहिला पैसा कंपनीत जातो. दुसरा जुन्या मालकांच्या खिशात. जवळजवळ सगळाच ऑफर फॉर सेल असेल, तर आतली माणसं या भावाला विकायला तयार आहेत, मग मी का घेतेय, याचं उत्तर वहीत लिहून मगच अर्ज करा.

ग्रे मार्केट प्रीमियमवर, म्हणजे नोंदणीआधी आयपीओच्या भावावर लोक किती जास्त मोजतायत त्या आकड्यावर, विसंबू नका. तो अनधिकृत बाजाराचा आकडा, त्याची जबाबदारी कोणावर नाही. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा आयपीओ ४५० रुपयांना आला, छोट्या गुंतवणूकदारांना २० रुपयांची सूट होती, मागणी सुमारे सत्तर पट आली. तोवर बाजार फिरला होता. ११ फेब्रुवारीला नोंदणीच्या पहिल्याच दिवशी शेअर त्या भावाच्या बराच खाली बंद झाला.

९. टिपा, ग्रुप आणि खोटी ॲप

पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे सेबीची नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. क्रमांक मागा आणि सेबीच्या यादीत तो त्याच नावाने आहे का ते बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही असतात. हमखास परताव्याचं आश्वासन द्यायला कोणालाच परवानगी नाही.

माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त बाईंना अशाच एका ग्रुपवरून ॲप पाठवलं गेलं. त्यात त्यांचे दोन लाख तीन आठवड्यांत सव्वापाच लाख झालेले दिसत होते. काढायला गेल्या तर आधी ‘कर’ भरा म्हणाले. खरा कर कोणी असा आधी भरून घेत नाही. ते ॲप म्हणजे नुसते आकडे दाखवणारा पडदा होता, एकही शेअर कधी घेतलाच गेला नव्हता.

ओळखायची खूण सोपी आहे. तुमचे शेअर खरे असतील तर ते एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लॉगिन केल्यावर दिसतात, आणि त्यांच्याकडून ईमेलवर येणाऱ्या एकत्रित खातेपत्रकात येतात. ब्रोकरच्या ॲपवर आहेत पण इथे नाहीत, असं दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. नोंदणीकृत ब्रोकरविरुद्धची तक्रार आधी ब्रोकरकडे लेखी द्या, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या संकेतस्थळावर नोंदवा.

१०. विकायचं कधी, आणि कर किती

घ्यायला शिकवणारे शंभर मिळतात, विकण्याबद्दल कोणी बोलत नाही. मी तीनच कारणांनी विकते. वहीत लिहिलेलं घेण्याचं कारण मोडलं. एक शेअर वाढून एकूण रकमेच्या १५ टक्क्यांवर गेला. किंवा पैशांची ठरलेली गरज दोन वर्षांवर आली. दुसऱ्या कारणासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये मी त्या पंपवाल्या कंपनीचे निम्मे शेअर विकले. बाजार पडणार हे मला माहीत नव्हतं, तो त्यानंतरही महिनाभर चढला आणि मला चुटपुट लागली. पण १५ टक्क्यांची ओळ मी शांत डोक्याने लिहिली होती, म्हणून ती पाळली.

‘घेतलेल्या भावाला आला की विकेन’ हे कारण धरू नका. तुम्ही कितीला घेतला हे बाजाराला ठाऊक नसतं. तसंच, पडणारा शेअर ॲव्हरेज करायच्या, म्हणजे खालच्या भावाला आणखी घेऊन सरासरी उतरवायच्या, आधी वहीचं पान उघडा. कारण अजून खरं असेल आणि रकमेची मर्यादा शिल्लक असेल तरच घ्या.

कराचा हिशेब सध्या असा आहे. बारा महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के. बारा महिन्यांनंतर विकलं तर आर्थिक वर्षातला पहिला सव्वा लाखाचा नफा माफ, त्याहून जास्तीच्या नफ्यावर १२.५ टक्के. म्हणजे दीर्घ मुदतीचा नफा दोन लाख झाला, तर कर ७५,००० वर: ९,३७५ रुपये, अधिक चार टक्के उपकर धरून ९,७५०. अकरा महिने झालेला शेअर विकायला निघाला असाल तर तारीख बघा, मात्र कारण मोडलेलं असताना केवळ कर वाचवायला थांबू नका.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ब्रोकरकडून वर्षाचा नफा-तोटा अहवाल उतरवून घ्या. त्यात तोटा असेल तर तो टाकाऊ समजू नका. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. या वर्षी वजा झाला नाही तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीच्या आत भरलेलं असावं लागतं. त्या रसायन कंपनीतला माझा ५,२०० रुपयांचा तोटा असाच पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा झाला.